पेशी भरपूर आहेत

दादा,

तुझ्या मेंदूतल्या गाठीचा तुकडा प्रयोगशाळेत मीच तपासला. तू फोनवर विचारलंस, तेव्हा मी म्हणाले, "संरक्षक पेशी भरपूर आहेत." केवढा हसलास! "बघ, फौज लढतेय माझी. मग लेकीला कशाला घाईने बोलावू? परीक्षा होऊ दे तिची."

पुढचं मी तुला सांगितलंच नाही. त्या पेशी फितूर झाल्यात रे, गाठीलाच पोसताहेत. अशा गाठीत त्या जितक्या जास्त, तितके हातातले दिवस बहुतेकदा कमी.

वहिनीला सांगतोस, "डॉक्टर गोलगोल बोलतात, धाकटी खरं सांगते."

परीक्षा तीन महिन्यांवर आहे. लेकीला आत्ताच बोलाव म्हटलं, तर तू विचारशील, "का गं?"

हे पत्र काही मी पाठवणार नाही. तुझा फोन वाजतोय आणि मी तो उचलत नाहीये.

तुझी,
धाकटी