उजव्या पायाचं पेडल

३ डिसेंबर, बुधवार
सायकलची पेडलं आली. सोबत बूट, बुटाच्या तळव्याला बसवायच्या लोखंडी पट्ट्या, एवढीशी वाकडी चावी. पेडल एका बाजूनं साधं, दुसऱ्या बाजूला खाच. पट्टी खाचेत टक् करून बसली की पाय घसरत नाही. मार्चमध्ये अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला तेव्हापासून उजव्या पावलाला पेडल कळतच नाही, चार हात गेलं की पाय खाली. म्हणून नीतूनं पुण्याहून ऑनलाइन मागवून दिली.
खोक्यावर लिहिलंय ‘क्लिपलेस’. कॉन्व्हेंटमध्ये शिकले, तरी अर्थ लागेना. पाय अडकवतात आणि म्हणे क्लिप नाही! नीतू फोनवर हसली. “अगं आई, पूर्वी पायावरून पट्टा यायचा, त्याला क्लिप म्हणायचे. तो नाही, म्हणून.” लेक आईला इंग्रजी शिकवते.
यांनी खोकं उलटंपालटं करून पाहिलं. “परत करायची मुदत कधीपर्यंत?” एवढंच विचारलं.

४ डिसें.
स्टँडजवळच्या दुकानात बसवून आणली. दुकानदार म्हणाला, “काकू, रेसमध्ये उतरून राहिल्या का?” हो म्हटलं.
संध्याकाळी कंपाउंडच्या भिंतीला धरून सायकलवर बसले. उजवा पाय टक्. छान वाटलं. मग निघेना. वर ओढला, मागे ओढला. शेवटी नाड्या सोडून पाय बुटातून बाहेर काढला, बूट पेडलवरच लटकत राहिला. पलीकडून शेजारच्या शेवंताबाई, “काऊन जी वहिनी, बूट वाळू घातला का?”
हे धावत आले. चेहरा पांढरा. मार्चमध्ये अंगणात मी पडले तेव्हा होता तसाच. “राहू दे आता सायकल. कायले पाहिजे? मी स्कूटीनं नेऊन राहिलो ना तुले, म्हणशील तिथं.”
नेतात, खरंच नेतात. पण तळ्याच्या पाळीवर पोचलो की स्कूटी बंदसुद्धा करत नाहीत. “झालं का पाहून?” हिवाळ्यात तिथं बदकं उतरतात. त्यांच्याकडे बघत एकटीनं नुसतं उभं राहायचं असतं, ते यांना कसं सांगू?

६ डिसें., शनि.
नीतू म्हणते नवी स्प्रिंग ताठ असते. पेडलच्या मागचा बारीक स्क्रू उण्याच्या खुणेकडे फिरव. फिरवला. बुटाच्या तळव्याचं रबर पट्टीला घासत होतं, तेही थोडं कापलं. फरक फार नाही.
शेवंताबाई वाटी घेऊन आल्या. टोरीचं तेल, म्हणजे मोहाच्या बियांचं. “आमचा बुढा बैलबंडीच्या आखाले हेच लावे. नव्या लोखंडाले तेल पाहिजे, वहिनी.” दोन्ही पेडलांना भरपूर पाजलं. दुपारच्या उन्हात बूट हातात धरून पाहिलं, लोण्यासारखा आत, लोण्यासारखा बाहेर. शेवंताबाई आणि मी अंगणात टाळ्या वाजवल्या.

७ डिसें., रवि.
पहाटे कडाक्याची थंडी. तेल थिजलं! खाचेत पांढरं, तुपासारखं. आता तर बूट आतही जाईना. टोरीचं तेल थंडीत गोठतं हे लहानपणापासून पाहिलेलं, वाटी चुलीजवळ ठेवायचो. दोघींपैकी एकीलाही आठवू नये?
हे पोट धरून हसले. किती महिन्यांनी. मीही हसले.
मग हे चहा घेता घेता मोबाइलवर काहीतरी करत बसले. “शनिवारी परत न्यायले येईन माणूस.” मला विचारलं नाही. मी नाही म्हटलं नाही.

८ डिसें.
उन्हात ठेवून, रॉकेलच्या चिंधीनं पुसून पेडलं साफ केली. शिवणयंत्राचं तेल दोन थेंब. हातात धरलेला बूट आता झटकन निघतो. त्यात पाय घातला की नाही निघत. म्हणजे पेडल ठीक आहे.
कळलं ते बरं झालं. वाईटही वाटलं.

१० डिसें.
नीतू व्हिडिओ कॉलवर, “आई, वर ओढू नकोस. पंजा तिथेच, टाच बाहेर फिरव.” समजतं सगळं. पायाला सांगते, टाच बाहेर. तो ऐकून घेतो आणि वर उचलतो. जन्मभर त्याला तेवढंच ठाऊक.
शाळेच्या मैदानात सिस्टरनी सायकल शिकवली होती, केरळच्या होत्या. पांढरा झगा कमरेला खोचून मागे धावायच्या. “पहिया मत देखो, दूर देखो!” सीट कधी सोडून दिली ते कळलंच नाही. आज फार आठवल्या. पण त्यांनी फक्त चालवायला शिकवलं. पाय काढायला शिकवावं लागतं हे कुणाला माहीत होतं.

११ डिसें.
दुपारी कपडे काढायला मागे गेले. हे न्हाणीच्या आडोशाला, पाठमोरे. बिडी! मार्चमध्ये दवाखान्यात माझ्या उशाशी बसून सोडली होती. मी बोलणार, तेवढ्यात त्यांनी थोटूक खाली टाकलं आणि चपलेनं विझवलं. पंजा जमिनीवर रोवलेला, टाच बाहेर, आत, बाहेर.
तशीच मागे फिरले. कपडे दोरीवरच राहिले.
स्वयंपाकघरात ओट्याला धरून उजव्या पायाखाली शेंगदाणा ठेवला. बिडी समजून. टाच फिरली! पुन्हा फिरली. भात करपला.

१२ डिसें.
बूट घालून, भिंतीला धरून. सुटतो. कधी सुटतो, कधी नाही. खाली टेकवायचा पाय नेहमी डावा, त्याचं पेडल साध्या बाजूनं वापरायचं हे ठरवलं. यांना काही सांगितलं नाही. काय सांगणार, कुठे शिकले म्हणून?

१३ डिसें., शनि.
हे बाजारात. मी सायकलवर, भिंतीला धरून, पाय टक्. फाटकात माणूस उभा. “मॅडम, पेडल का रिटर्न है?”
“पैर नहीं निकल रहा, भैया.”
“तो?”
“तो पेडल कैसे दूँ?”
माझ्याकडे पाहिलं, बुटाकडे पाहिलं. त्याला हसू आवरेना. “ठीक है आंटी, बाद में आता हूँ.”
तो वळणावरून दिसेनासा झाल्यावर टाच फिरवली. टक्. पहिल्याच वेळी.
खोटं बोलताना सिस्टरांची आठवण आली नाही, हे विशेष.

१४ डिसें., रवि.
यांच्या मोबाइलवर मेसेज आला, माणूस मंगळवारी पुन्हा येणार. “काल काऊन नाही दिले?” मी उत्तराऐवजी भिंतीपाशी नेलं. दाखवलं. आत, बाहेर. आत, बाहेर. तिसऱ्यांदा अडकला, मग निघाला.
हे बराच वेळ माझ्या टाचेकडे बघत राहिले. मग स्वतःच्या चपलेकडे.
“पाळीवर चढ आहे,” म्हणाले.
“माहीत आहे.”
“मी मागून येतो. दूर राहीन.”
“स्कूटी बंद करायची मग.”
आत गेले. आता अंगणातून पंपाचा आवाज येतोय. मागचं चाक झालं, पुढच्यात भरताहेत. मंगळवारचं मंगळवारी बघू. बुटाच्या नाड्या बांधायला घेते.