आजचं शून्य

सोलापूर, ४ जानेवारी २०२५

चि. सोमेश यास मामाचे अनेक आशीर्वाद.

येथे ठीक म्हणायचे. आमच्या शिवानीला तापाने नेले त्याला अडीच महिने झाले. तुझी मामी आता दोन वेळा जेवते.

तुमचे हिंदुराव सर भेटायला आले नाहीत. परवा फोन आला, तोही तिच्या प्रयोगशाळेतल्या वहीसाठी. मातीच्या वेळी, तिला समाधीत बसवताना, मीच ती तिच्या मांडीवर ठेवली, असे सांगितले. त्यांनी फोन ठेवला. त्या वहीत एवढे काय होते? आणि तिच्या कामावर तिचे नाव येणार ना, ते कळव.

थंडीत कान बांधत जा. माया असू दे.

तुझा मामा,
अण्णाराव

पुणे, १२ जानेवारी

ती. मामांस शरणु शरणार्थी.

लेसरचा पहिला झोत रेणू तोडतो, दुसरा त्याचा फोटो काढतो. दोन्ही एकदम पोचतात तो क्षण म्हणजे शून्य. खोलीच्या उष्णतेने ते रोज सरकते. शिवानी रोज शोधून फक्त वहीत लिहायची. सर तिला तलाठीबाई म्हणायचे. आता त्यांनी सगळ्या दिवसांना एकच शून्य लावलेय. काही फोटोंत रेणू झोत पडायच्या आधीच तुटलेला दिसतो! कोण बघतंय, म्हणाले.

निबंध सरांच्या नावावर जातोय. शिवानी शेवटी, आभारात. मेलेल्या माणसाला नावाचा काय उपयोग, असे सगळ्यांदेखत बोलले. मी गप्प बसलो, मामा. माझी पदवी त्यांच्या हातात आहे.

मामींना नमस्कार. रागावू नका.

आपला,
सोमेश

सोलापूर, २३ जून

चि. सोमेश यास आशीर्वाद.

तू गप्पच राहा. पदवी घे.

मी तीस वर्षे जमिनी मोजल्या. शिवानी रोज संध्याकाळी फोनवर म्हणायची, अप्पा, आजचं शून्य लिवून घ्या की, तुमच्या साखळीत मावायचं न्हाई. मी मोजणीच्या जुन्या वहीत तारखेसह लिहून घेत होतो. निबंध छापून येईपर्यंत हे मी कोणालाच सांगितले नाही. तुलाही नाही.

काल हिंदुराव आले. परदेशातून प्रश्न आलेत म्हणे, आधीच तुटलेल्या रेणूबद्दल. तोंड सुकले होते. मामीने चहा दिला. मग त्यांना भर उन्हात शिवानीच्या समाधीपाशी नेले आणि म्हटले, वही तिच्याजवळ आहे, मागून घ्या.  ते म्हणाले, आकडे कुठे असतील तर द्या, दुरुस्ती छापताना तिचे नाव दुसरे घालतो.

माझ्या वहीची प्रत सकाळीच निबंध छापणाऱ्या संपादकांकडे गेली होती, शून्ये कोणाची आहेत ते लिहून. ते त्यांना सांगितले नाही. एवढेच म्हटले, मेलेल्या माणसाला नावाचा काय उपयोग?

आंबे पाठवतो. मामाला विसरू नकोस.

अण्णाराव