दोनशे मीटरच्या आत

कुंभळवाडी, ता. पोलादपूर
गुरुवार, दुपार

तीर्थस्वरूप रंगूवन्सं यांस,

संजीवनीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग लिहिण्यापुरताच. कंबरेनं श्रावणापासून वाकायचं सोडलंय, तेव्हा गोड मानून घ्या.) तुमचा गुडघा आता काय म्हणतो? दाजींची साखर आटोक्यात आहे ना? मुंबईला माणसं साखर मोजतात आणि आम्ही इथे जमीन मोजतोय, ज्याची त्याची हौस. फोनच केला असता, पण वाडीत रेंज मिळते ती फक्त केरूभावजींच्या अंगणातल्या फणसाखाली, आणि त्यांच्याच फणसाखाली उभं राहून त्यांच्याबद्दल बोलणं बरं दिसत नाही. म्हणून हे पत्र.

घरामागचा डोंगर दोन वर्षांपूर्वी तडकला ते तुम्ही येऊन पाहिलंतच. तेव्हापासून जोराच्या पावसाचा इशारा आला की ग्रामसेवक येतात आणि आम्हां दोघांना गोधड्यांसकट शाळेत नेऊन ठेवतात. यंदा नऊ वेळा नेलं. चौथीच्या वर्गात पाढ्यांच्या तक्त्याखाली झोपून झोपून मला एकोणतीसचा पाढा तोंडपाठ झालाय, जो शाळेत असताना मार खाऊनही झाला नव्हता. शेवटच्या खेपेला मात्र मी तुमच्या भावाला स्पष्ट सांगितलं, की घळीपलीकडे माळावर आपला तुकडा आहे, डोंगरापासून लांब आहे, तिथे दोन खोल्या बांधा. नाहीतर मी आधार कार्डावर शाळेचा पत्ता घालून घेते.

हे दुसऱ्याच दिवशी पोलादपूरला गेले आणि येताना एक नवा शब्द घेऊन आले, झोन. "माळ हिरव्यात हाय," असं चेहरा पाडून म्हणाले. मी म्हटलं, गवत उगवतं तर माळ हिरवाच असणार. "तसा हिरवा नाय गो! सरकारी नकाशात हिरवा. शेतीचा झोन. तिथं घर बांधायचं तर आधी बिनशेती करायला लागतं." पुढल्या आठवड्यात महाडला जाऊन यांनी नियमांचं एक पुस्तक आणलं. एवढं जाड, की पहिले चार दिवस मी ते भाकरीच्या टोपलीवर मांजरासाठी वजन म्हणून ठेवत होते. मग यांनी ते ताब्यात घेतलं आणि घरातलं सुख संपलं. गोठ्यात गेले की जोडवापर, पडवीत बसले की सामासिक अंतर, सगळी त्या पुस्तकातलीच भाषा. देवळातल्या सहदेव गुरवाला त्यांनी विचारलं, की देऊळ हे सार्वजनिक वापरात मोडतं तर तुझी शेगडी तिथे कुठल्या कलमाखाली जळते? गुरवानं त्या दिवसापासून यांना प्रसाद देताना हात आखडता घेतलाय. (बाकी त्या पुस्तकातलं अर्धं मलाही आता येतं. अंगणवाडीत तीस वर्षं काढलेल्या बाईला कुठलंही परिपत्रक अवघड जात नाही.)

वाट सापडली ती तहसिलातल्या अनुपमा मॅडममुळे. त्या म्हणाल्या, गावठाण, म्हणजे सरकारी नकाशावर वस्तीसाठी आखून दिलेली जागा, तिच्या हद्दीपासून दोनशे मीटरच्या आत तुमची जमीन बसत असेल, तर घरासाठी वेगळी बिनशेती परवानगी काढत बसायला नको. कर भरा, सनद घ्या आणि मग घराचा नकाशा मंजूर करून घ्या. हे धावत घरी आले, विहिरीचा दोर काढला आणि पायवाटेनं माळापर्यंत मोजत गेले. दोनशे चाळीस मीटर भरलं. परत आले ते न जेवता पडून राहिले. मला दोन दिवस पाणी वाडीच्या नळावरून आणावं लागलं, कारण दोरही माळावरच राहिला होता. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, अहो, पायवाट घळीला वळसा घालून जाते, कावळा काय वळसा घालून जातो? मॅडमना विचारा की मोजायचं पायानं की पंखानं. विचारलं. सरळ रेषेत मोजायचं, असं उत्तर आलं.

आता वन्सं, खरी अडचण इथेच. सरळ रेषा सुरू होणार गावठाणाच्या हद्दीवरून, आणि हद्द म्हणजे केरूभावजींच्या गोठ्याची मागची बाजू. दोघे सख्खे भाऊ अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत, कारण तुमच्या यशराजच्या लग्नात फेटा आधी धाकट्याला बांधला गेला. (बांधणारा तुमच्याकडचा होता, पण आम्ही तुम्हाला कधी काही बोललो का?) यांनी सरकारी मोजणीचा अर्ज केला, त्याची नोटीस भावजींनाही गेली, आणि दुसऱ्या दिवशी गोठ्यामागे काटेरी कुंपण उभं राहिलं. त्याच्यापुढे शेणाचा ढीग. त्या ढिगाला मी रोज वाढताना बघत होते. मला वाटलं, अकरा वर्षांचं वैर ते हेच. शेवटी नळावर आमच्या जाऊबाईंनी, सगुणानं, मला बाजूला घेऊन सांगितलं, की वैर नाही, भीती आहे. भावजींना कुणीतरी भरवलं होतं की निम्मा गोठा गावठाणाच्या बाहेर, सरकारी गुरचरणात येतो. मोजणी झाली की गोठा पाडणार, चार म्हशी आणि दोन रेडकं उघड्यावर. माणूस जेवत नव्हता म्हणाली. एकाच वाडीत दोन भाऊ एकाच रेषेपायी उपाशी, आणि आम्ही दोघी जावा दोन चुलींवर भाकऱ्या थापून म्हशींना घालतोय.

मोजणीच्या दिवशी भूमी अभिलेखातून ऋतिका नावाची मुलगी आली. खांद्यावर काठी आणि काठीच्या टोकाला वाटीएवढं यंत्र. केरूभावजी सकाळपासून गोठ्यामागे धुण्याच्या दगडावर बसून होते. ती म्हणाली, "काका, जरा उठा." भावजी म्हणाले, "माझा दगड हाय, मी बसलोय." ती म्हणाली, "बसा हो, पण मला नेमकं तिथेच उभं राहायचंय." भावजी हलेनात. हे पंधरा हातांवर उभे राहून आभाळाकडे बघत होते. बोलणं नाही, म्हणून रागावताही येईना. मग सगुणानं आतून हाक मारली, "अवो, रेडकू सुटलं!" रेडकू बांधलेलंच होतं, पण भावजी धावले. तेवढ्यात त्या मुलीनं दगडाभोवतीची माती पायानं सारली, खाली वाकली आणि हसली. दगडावर खूण कोरलेली होती. गावठाणाच्या हद्दीचा दगड तोच. आजेसासूबाईंपासून या घरच्या बायकांनी सरकारची हद्द धुणं आपटून आपटून गुळगुळीत केली होती. आणि गोठा? गोठा दगडाच्या आत, चांगला सहा मीटर आत!

केरूभावजी परत आले तेव्हा तिनं त्यांना हे समजावून सांगितलं. ते पुन्हा त्याच दगडावर बसले, पण या वेळी तिच्या काठीला जागा सोडून. ती मुलगी घळ ओलांडून माळावर गेली, आमच्या बांधावर काठी रोवली आणि तिथून ओरडली. अंतर जास्त, कुणाला नीट ऐकू आलं नाही. ऐकलं ते फक्त भावजींनी. (म्हशींच्या घंटा ऐकून कान तयार आहेत.) ते उठले आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा यांच्याकडे तोंड करून म्हणाले, "दादा, एकशे एकाहत्तर!"

हे म्हणाले, "नक्की रे?"

"नक्की. आत हाय. तुझाबी आणि माझाबी."

मग हे डोळ्यांत धूर गेला म्हणून पंच्यानं तोंड पुसत राहिले. चूल त्या वेळी कुणाच्याच घरात पेटलेली नव्हती. दुपारी सगळे सगुणाकडे जेवलो, ऋतिकासुद्धा. कुंपणाचे काटे त्याच संध्याकाळी दोघा भावांनी मिळून काढले.

तर असं सगळं छान झालं. सनदेचं काम मार्गी लागलंय. दाजींना नमस्कार, यशराजला आशीर्वाद.

आपली नम्र,
संजीवनी

ता. क. पत्र खरं म्हणजे यासाठी लिहिलं, की तुम्ही लवकरात लवकर इकडे या आणि दोघा भावांचं पुन्हा भांडण लावून द्या. थोडंसंच. समेट झाल्यापासून दोघे रोज फणसाखाली ते पुस्तक घेऊन बसतात. महाबळेश्वरला जाणारे पाहुणे आंबेनळी घाटातून आपल्याच दारावरून जातात, हे त्यांना आत्ता कळलंय. माझ्या दोन खोल्यांच्या आता पाहुणे उतरवायला सात झाल्यात, वर गच्ची, खाली गाड्या लावायला जागा. त्यासाठी वापर वेगळा, परवानगी वेगळी, कार्यालयही वेगळं, म्हणजे आणखी तीन पावसाळे मी चौथीतच. दोन खोल्यांचं जोतं भरेपर्यंत अबोला टिकला तरी पुरे. पुढे मिटवायचं आम्ही बघू.

ता. क. दुसरा. सगुणा शेजारीच बसली आहे, तिचाही नमस्कार. भांडण कसं लावायचं याची काळजी करू नका म्हणते. दोघांना समोर बसवून तुम्ही फक्त एवढंच बोलायचं, की दोघांतला एक भाऊ माझा जास्त लाडका आहे. कोणता, ते सांगायचं नाही. चहा घ्यायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचं.