साहेबांची सात मिनिटं

४ जाने., शनि.
दुपारी पावटे सोलत बसले होते. सई कॉलेजातून आली ती चप्पल काढायच्या आधीच विचारते, "आजी, तुझी शाळेची घंटा कुठाय?" म्हटलं, माळ्यावर, रद्दीच्या मागे. कशाला हवीय? तर म्हणे, "घंटा पण हवीय आणि तू पण."

त्यांच्या कॉलेजात मुलंच दरवर्षी एक परिषद भरवतात. आजचे पुढारी आणि उद्याचे पुढारी, समोरासमोर. (ती कॉन्क्लेव्ह म्हणते. मलाही येतं म्हणायला, पण परिषद बरं वाटतं.) यंदा सगळा भार सईवर. नियम असा की पाहुण्याने सात मिनिटं बोलायचं, मग मुलांचं ऐकायचं आणि उत्तरं द्यायची. गेल्या वर्षीही हाच नियम होता. पाहुणे पन्नास मिनिटं बोलले. एक मुलगी 'वेळ संपली' असा बोर्ड धरून उभी राहिली, तर तिला म्हणाले, "बाळ, हात दुखतील, बस खाली." मुलांच्या प्रश्नांच्या चिठ्ठ्या डब्यातच राहिल्या.

"तुला कोण बस म्हणणार?" सई म्हणाली.

तेही खरंच. एकतीस वर्षं शाळेत शिपाईबाई होते. मी घंटा दिली की हेडमास्तरसुद्धा खडू खाली ठेवायचे. लगेच हो म्हटलं. जरा भाव खायचा होता, ते राहूनच गेलं.

६ जाने., सोम.
घंटा काढली. रिटायर झाले तेव्हा शाळेत बटणाची बेल आली आणि ही मला दिली. हिरवी पडली होती. चिंच-मीठ लावून घासली, सोन्यासारखी निघाली. हातोडी काही सापडेना. शेवटी खलातला बत्ता घेतला. एकच टोल दिला तर शेजारच्या सावंतबाई दारात. "मावशी, काय आग-बिग लागली काय हो?"

त्यांना चहा पाजला. घासायच्या नादात आज जेवायचं तीन वाजता सुचलं.

८ जाने., बुध.
पाहुणे ठरले. एक बँकेतल्या मोठ्या बाई, एक मरोळचे कारखानदार आणि तिसरे आमच्या भागातले पुढारी, ज्यांना सगळे नुसतं साहेब म्हणतात.

साहेबांचं नाव ऐकलं आणि प्रकाशचा घास हातातच राहिला. प्रकाश म्हणजे माझा मुलगा, सईचा बाप, आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. पाण्याच्या नव्या लाइनसाठी साहेबांच्या शिफारशीचं पत्र हवंय, चार महिने त्यांच्या ऑफिसात खेटे घालतोय.

"आई, बाकी कोणावरही वाजव. साहेबांवर नको."
"मग त्यांनी सातात संपवावं."
"साहेब सात मिनिटं नुसती नावं घेतात गं!"

हात दाखवून अवलक्षण, असंही म्हणाला. सई ताटातून मान वर न काढता म्हणाली, "बाबा, नियम सगळ्यांना एक." प्र.ने मासळीचं कालवण दुसऱ्यांदा घेतलं नाही, म्हणजे मनावर घेतलंय.

१२ जाने., रवि.
आमच्याच घरात तालीम. अकरा पोरंपोरी, पोह्यांचा टोप खरवडून स्वच्छ. मी घंटा घेऊन खुर्चीत. पाहुण्याला सात मिनिटं, तसं प्रश्न विचारणाऱ्याला एक मिनिट.

सगळे चटपटीत, एक नाझिया सोडून. मुलगी डोंगरावरच्या वस्तीतली, सईच्याच वर्गातली. तिचा प्रश्न साहेबांना. त्यांच्या संस्थेची एक अभ्यासिका आहे वस्तीच्या पायथ्याशी. दोन वर्षं बंद, कुलूप लावलेलं. नाझियाची धाकटी बहीण आयेशा दहावीला. घरात सात माणसं, एक खोली, त्यात शिलाईचं मशीन दिवसभर चालू. परीक्षा महिन्यावर आली. अशी पंधरा-वीस पोरं आहेत म्हणे, जिन्यात बसून अभ्यास करतात.

खरं दुखणं आहे. पण ही सुरुवात करते आजोबा मुंबईत आले तिथून. मिनिट संपलं तेव्हा आजोबा अजून स्टेशनवरच.

मी घंटा दिली नाही. दीड मिनिटाने दिली. सईच्या लक्षात आलं. "आजी, चीटिंग."
जुनी खोड आहे. शाळेतसुद्धा गोष्ट रंगात आली असली की मी घंटा दोन मिनिटं उशिरा द्यायची. कुणाला कळायचं नाही. इथे सगळ्यांच्या हातात मोबाइल.

१४ जाने., मंगळ.
संक्रांत. तिळाच्या वड्या जरा कडक झाल्या, प्र. म्हणतो दात तासून निघाले. नाझिया तिळगूळ घ्यायला आली, बरोबर डब्यातून शीरखुर्मा. "ईद नाहीये गं," म्हटलं. "आजी, अम्मीला कारण लागत नाही."

तिला बसवून सांगितलं, प्रश्न आधी, गाऱ्हाणं मागून. चार वेळा म्हणून घेतलं. चौथ्यांदा पंचावन्न सेकंदांत बसलं. जाताना म्हणाली, "तिथे गेले की सगळं विसरते मी." म्हटलं, माझ्याकडे बघ.

घंटा माझ्याच हातात असणार. आता वाटतं, हे सांगायला नको होतं.

१७ जाने., शुक्र.
उद्या परिषद. अबोली साडी इस्त्री करून ठेवली. प्र.ने जाता जाता, "हळू तरी वाजव." विनवणीच. वाईट वाटलं. तो काही स्वतःसाठी धावत नाही, चौथ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यांना बादल्या चढवाव्या लागतात. माझंही पाणी त्यातच आलं. पण होय म्हणून बसलेय.

१८ जाने., शनि.
सगळं नीट लिहून ठेवते, नाहीतर आठवड्याने मीच मीठमसाला घालीन.

हॉल भरलेला. मला स्टेजच्या कोपऱ्यात खुर्ची, समोर घंटा टांगलेली, मांडीवर बत्ता. बँकेच्या बाई सहा मिनिटांत संपवून बसल्या. कारखानदार टोल ऐकून वाक्याच्या मध्येच थांबले, क्रियापदसुद्धा राहिलं.

मग साहेब. "मी काही भाषण करणार नाही" म्हणाले तेव्हाच ओळखलं, आज बत्त्याला काम आहे. सात झाली. एक टोल. हसून "आलोच मावशी" म्हणाले आणि पुढे चालू. नऊला दोन टोल, जोरात. हात वर केला नुसता. समोर तिसऱ्या रांगेत प्रकाश, डोळ्यांनी नको नको करतोय. मी त्याच्याकडे बघायचं बंद केलं. अकरा मिनिटं झाली आणि शाळा सुटताना देते तशी दिली, न थांबता. हॉलमध्ये हशा. साहेबांनी हात जोडले. "जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलोय. या आवाजापुढे बोलायची माझी हिंमत नाही." आणि बसले! टाळ्या.

नाझिया उभी राहिली. माझ्याकडे बघितलं. आणि सुरुवात केली आजोबांपासून.

एक मिनिट झालं. बत्ता मांडीवर. दीड झालं. म्हटलं आता येईल प्रश्नावर, आता येईल. दोन झाली, पोर शिलाईच्या मशीनपर्यंत आली होती, आवाज जरा धरला होता. तीन झाली. तेवढ्यात साहेब माझ्याकडे वळले, गोड आवाजात, "मावशी, मला तीनदा. हिला एकदाही नाही?"

सगळा हॉल हसला. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय केलं मी? साहेबांचं एक अक्षर चुकीचं नव्हतं. सईकडे बघितलं. तिने मान हलवली, वाजव म्हणून.

दिली. आयुष्यात इतका जड टोल दिला नसेल. नाझिया जिथे होती तिथेच थांबली आणि खाली बसली. प्रश्न पोटातच. साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला. माझ्यामुळे पोरीची वाट लागली.

सईने माईक घेतला. म्हणाली, "साहेब, तुमचं बरोबर आहे. नियम सगळ्यांना एक. तुम्ही चार मिनिटं जास्त घेतलीत. नाझियाने दोन. म्हणजे तिची दोन अजून बाकी आहेत."

काय तो गलका! मागची मुलं बाकावर उभी. बँकेच्या बाई सगळ्यांत जोरात टाळ्या पिटत होत्या. साहेबही हसले, न हसून सांगतात कुणाला.

नाझिया उठली. या वेळी माझ्याकडे बघितलं नाही. सरळ त्यांच्याकडे. "साहेब, आमच्या अभ्यासिकेची चावी कुणाकडे आहे?"

एवढंच. दहा सेकंदसुद्धा नाही. साहेब ग्लासातलं पाणी बघत राहिले. मग म्हणाले, "माझ्याच ऑफिसात असणार." आणि माईक जवळ ओढून, "सोमवारी अकरा वाजता दार उघडतो."

पोरांनी ते मोबाइलवर घेतलं, वेळेसकट.

१९ जाने., रवि.
अंग दुखतंय, पण मन हलकं. नाझियाला फोन केला, माफी मागितली. "आजी, तुम्ही वाजवली नसती तर मी अजून बोलत असते," म्हणाली आणि हसली. खरं की माझं मन राखायला, कळलं नाही.

संध्याकाळी साहेबांच्या ऑफिसातून प्र.ला फोन. तो उभाच राहिला ऐकताना. काय म्हणाले? "तुमच्या आईंचा हात भारी आहे म्हणाले." आणि पत्र? "पत्राचं काही बोलले नाहीत." मग थोड्या वेळाने स्वतःच, "सईने काय पकडला गं त्यांना!" दोनदा तरी व्हिडिओ बघितला असेल. मला दाखवायच्या निमित्ताने तिसऱ्यांदा.

२० जाने., सोम.
स. पावणेअकराला मी, सई, नाझिया, आयेशा आणि वस्तीतली दहा-बारा पोरं दारापाशी. साहेब नाही आले. त्यांच्या ऑफिसातले मोरे आले चाव्यांचा जुडगा घेऊन. भला माणूस, घामाघूम. सातवी चावी लागली.

आत पाय ठेवायला जागा नाही. मांडवाचे बांबू, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि भिंतीला टेकून साहेबांचे फोटो असलेले बॅनर, पुरुषभर उंच, हात जोडलेले. नाझिया म्हणाली, "साहेब तर आतच होते दोन वर्षं."
मोरेंना हसू आवरेना. मग इकडेतिकडे बघून आवरलं. गुरुवारपर्यंत रिकामी करतो म्हणाले.

२३ जाने., गुरु.
अर्धी रिकामी झालीय. बांबू गेले, बॅनर आहेत. पोरांनी बॅनर उलटे करून पांढऱ्या बाजूवर गणितं मांडायला सुरुवात केलीय. चार बाकं धुतली. आयेशा खिडकीजवळचं पकडून बसली ती उठायला तयार नाही.

मोरेंनी कागद आणला. चावी कुणाच्या ताब्यात राहणार, त्या जबाबदार व्यक्तीचं नाव आणि सही. पोरांनी मला न विचारताच माझं नाव लिहून ठेवलेलं, सुंदर अक्षरात. छान वाटलं, खोटं कशाला बोलू. रोज दार उघडायचं, पोरं आत घ्यायची, याहून गोड काम कुठलं? पेन हातात घेतलंसुद्धा. पण मी सत्तरीला टेकलेली. आणि ज्या प्रश्नाने दार उघडलं तो माझा नव्हता. माझं नाव खोडलं, खाली नाझियाचं लिहिलं.

मोरे म्हणाले, "मावशी, कॉलेजच्या पोरीकडे साहेब चावी नाही देणार. तुमचं असतं तर आत्ता देऊन गेलो असतो."

नाझिया मला बाजूला घेऊन गेली. रागावली होती, पहिल्यांदाच. "आजी, हे काय केलंत? महिन्यावर परीक्षा आलीय. तुमच्या नावाने निदान उघडी तरी राहिली असती."

खरंच होतं तिचं. हट्ट केला का मी? सईला विचारलं तर म्हणते, "मला माहीत नाही, आजी." कधी नव्हे ते तिलाही माहीत नाही.

पाच वाजता मोरेंनी कुलूप लावलं. आयेशा सगळ्यांत शेवटी बाहेर आली. मोरे कागद घडी करत म्हणाले, "साहेबांना दाखवतो. काय म्हणतात ते उद्या अकराला येऊन सांगतो."

"अकराला माझं कॉलेज असतं," नाझिया म्हणाली. "दहाला या."

मोरेंनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी आपली पदराला हात पुसत उभी. मग त्यांनी खिशातून वही काढली आणि दहा लिहिलं.