शाईचं फूल

२ एप्रिल, सकाळी ८
आजपासून शिवणकाम. बायको, सानोबर, डिसेंबरात गेली तेव्हापासून तिचं मशीन झाकून पडलंय. मी तीस वर्षं बस चालवली, चाक फिरवणं मला नवीन नाही. योजना: किटलीवर घालायच्या टोप्या, आठवड्याला वीस, आमच्या नुराता गावच्या बाजारात विकायच्या. वाईट वगैरे वाटत नाही. काहीच वाटत नाही. कामाला ते बरंच.

५ एप्रिल
टोपी एक. नळीसाठी भोक ठेवायचं राहिलं. शेजारची मुहब्बत ओपा सगळ्या गल्लीची ताई, मला आका म्हणजे दादा म्हणते. उलटसुलट करून विचारलं तिने, आका, ही डोक्यात घालायची का. बाईला डिझाइनमधलं काही कळत नाही.

१९ एप्रिल
टोप्या बंद. मार्केट नाही. आता पिशव्या.

११ मे
पिशव्या तीन, प्रत्येकीला एकच बंद. कंटाळा आला म्हणून नाही. आपल्याकडे भरतकाम करणारी बाई एखादं पान मुद्दाम अर्धं सोडते, म्हणजे घरातलं काम संपत नाही आणि आयुष्यही. मी बंद सोडतो. फोनवरच्या विक्रीच्या ग्रुपवर फोटोखाली तसंच लिहिलं. ताश्कंदच्या एका बाईने विचारलं, मग खांद्याला अडकवायची कशी. उत्तर दिलेलं नाही. गिऱ्हाइकाला जरा ताटकळत ठेवावं.

३ जून
मुलगी आली, ओयदिन. ऑक्टोबरात तिचं लग्न. आईने तिच्यासाठी भरलेली सुझनी काढून अंथरली, लग्नात नवरीच्या मागे भिंतीवर लावायची ती. खालच्या कोपऱ्यात डाळिंबाचं मोठं फूल नुसतंच शाईने काढलेलं. मी म्हटलं, बघ, तुझ्या आईनेही सोडलंय, रीतच आहे. ती म्हणाली, बाबा, रीतीचं पान वर डावीकडे आहे, नखाएवढं. हे फूल तिला भरायचं होतं. हॉस्पिटलात लाल रेशीम मागत होती, तुम्ही आणलं नाही. म्हटलं, दुकान बंद होतं. ती म्हणाली, चार दिवस? मग म्हणाली, आता तुम्हीच भरा, रोज सुई धरताय ना. हो म्हटलं. ती रडली. मी चहा टाकला.

४ जून
फूल म्हणजे काय, सहा पाकळ्या. रोज एक धरली तरी आठवड्यात हातावेगळं.

२० जुलै
लाल रेशीम आणलं. दुकान उघडं होतं. दुकानदार म्हणाला, तुमच्या बायकोची हीच छटा. उन्हाळ्यात हाताच्या घामाने रेशीम बिघडतं. सप्टेंबरात बसतो.

८ सप्टेंबर
उशांचे अभ्रे सुरू केले. आधी हात बसायला हवा. झाले दीड. ओयदिनचा फोन: फूल झालं का. म्हटलं, होत आलंय.

२७ सप्टेंबर
ओपा म्हणाली, आका, आणा इकडे, दोन दुपारींचं काम आहे, मी भरून देते. साफ नाही म्हटलं. सानोबरच्या कामात परका टाका नको. ओपा म्हणाली, मग तुमचा तरी घाला. दुपारी चष्मा लावून सुई ओवली. सानोबरचा शेवटचा टाका देठापाशी आहे. दोरा तोडलेला नाही, मागे लोंबतोय. त्याला हात लावला. मग सुई उशीत टोचून ठेवली. उजेड कमी होता.

१४ ऑक्टोबर
लग्न झालं. पुलाव चांगला होता. सुझनी लावली, फूल शाईचंच. नवऱ्याकडच्या बायका जवळ जाऊन बघत होत्या. त्यांच्यातली म्हातारी म्हणाली, रीत पाळणारी अशी घरं आता कुठे राहिलीत. लोक पान सोडतात, यांनी अख्खं फूल सोडलंय, पोरीसाठी केवढं आयुष्य मागितलंय. सगळ्यांनी माना डोलावल्या. ओयदिनने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, हो, आमच्यात असंच करतात.

घरी आलो. सुई ओवलेलीच होती. गर्दीत कोटाचं बटण तुटलं होतं, ते त्याच लाल दोऱ्याने लावून टाकलं. पक्कं बसलंय.