सखारामचा गुडघा

३ फेब्रुवारी १९४६
रेल्वे दवाखान्यात नवी केस. सखाराम, सालेकशाकडचा गँगमन. मांडीवर रूळ पडला, दोन महिने प्लास्टरमध्ये होता. आता गुडघा लाकूड झालाय. तीस अंशांपुढे वाकत नाही. मालिश-व्यायामाचं काम लढाईच्या इस्पितळात शिकून आलो, म्हणून केस माझ्याकडे. इथं सगळे मला मालिशवालाच म्हणतात.

७ फेब्रु.
शेक, मालिश, मग वाकवणं. पस्तीस. स. विचारतो, "काऊन इतकं हळू करता जी?" म्हटलं, घाई केली तर तुटेल.

१२ फेब्रु.
डॉ. साहेबांनी बोलावलं. महिनाअखेर नव्वद अंश वाकला नाही तर नोकरी गेली, क्वार्टरही. "तुम्हारे हाथ में है." अजून दोन महिने तरी हवेत, म्हटलं. ते दुसरा कागद वाचू लागले.

१८ फेब्रु.
स.ला मुदत सांगितली. सांगायला नको होती. आता टेबलावर चढतानाच टॉवेल दातांत धरतो. बायको यमुना व्हरांड्यात, कानांवर हात ठेवून. पंचेचाळीस.

२३ फेब्रु.
पन्नास. पुढे हलेना.

२६ फेब्रु.
आज अंगाचं सगळं वजन टाकलं. "पुरे जी," म्हणाला. ऐकू आलं. थांबलो नाही. त्याच्या रडण्याचा राग येत होता. खरं लिहायचं तर दाबताना बरंही वाटलं. कट्‌ आवाज झाला नि गुडघा एकदम नव्वदवर. स. घामाघूम. तरी हसला. "वाकला नं जी."

२७ फेब्रु.
भयंकर सूज. पाय वाकतो, पण त्याला स्वतःला सरळ करता येत नाही. गुडघ्याच्या वाटीच्या वर बोट खोल जातं. तिथला स्नायू तुटलाय. मी तोडला. डॉ.ना सांगितलं.
"मुड़ता है ना? फिट लिखो."
गाडी आली तर हा रुळावरून बाजूला कसा होणार?

२८ फेब्रु.
यमुना आली. "भाऊ, थे उद्या ड्युटीवर जातो म्हणून राह्यले. पाय कायले लटपट करते?"
"सूज आहे, उतरेल," म्हणालो. तिनं हात जोडले.
फिटचा कागद समोर. डॉ.ची सही झालीय, खाली माझी हवी. शिपाई दोनदा येऊन गेला. सही केली नाही अजून. खरं सांगितलं तर आजच त्याचं घर जातं, नि माझं काय होईल ते वेगळंच.
स. बाहेर बाकावर, आजपासूनच ड्युटीचा सदरा घालून. दारातून विचारतो, "झालं का जी?"