निर्मनुष्य बेटावरची काकडी

९ सप्टें., मंगळ. जव्हार
शेठनी पत्रक छापून आणलं. 'पाण्याने वेढलेलं, निर्मनुष्य, अस्पर्शित बेट.' शब्द माझेच. चार वर्षं यांच्या ऑफिसात राहून, पर्यटकांना धबधबे दाखवून जीभ अशीच वळायला लागलीये.

बेट म्हणजे आमचा पाडा. धरण भरलं, खालची घरं उठली, टेकडीचा माथा तेवढा पाण्याबाहेर राहिला. वर अजून तीन घरं आहेत, त्यातलं एक आत्याचं. हे शेठना मीच सांगितलं होतं, फुशारकीने, चहा पिताना. आता त्यांना तिथे तंबू टाकायचेत. दोन घरांनी संमतीच्या कागदावर सह्या दिल्या. "आत्याचा अंगठा तेवढा घेऊन ये. तुझं ऐकेल ती."
विचारलं, तिच्या नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या शेताचं काय. म्हणाले, "राहू दे थोडी. तंबूच्या मागे फोटोत बरी दिसेल."
आणि मी मान डोलावली. नंदीबैल परवडला.

११ सप्टें., गुरु.
खोडाळ्यापर्यंत एसटी, पुढे जीप, मग चिखल. तराफा पलीकडच्या काठाला. चार निळी पिंपं, वर फळ्या, दोरी ओढत यायचं. हाका मारल्या. आत्या आली. साठी उलटली, दोरी ओढताना अजून दम लागत नाही.
"तू कं? मना वाटला मोजणीवाला."
कागद पिशवीत. काढला नाही.

चढून घसा सुकला. माळावर नागलीत काकडीचे वेल. एक तोडली, दगडावर फोडली, उभ्या उभ्या खाल्ली. अर्धी संपल्यावर आठवलं. गावदेवाला नवं अजून दिलेलं नाही. देवाला दिल्याशिवाय शेतातलं नवं तोंडात घालायचं नाही, हे आमच्यात चालायच्या आधी शिकवतात. लहानपणी वालाची एक शेंग चाखली होती, तर आईने चूळ भरायला लावून दिवसभर उपाशी ठेवलं होतं.

आत्याने पाहिलं. वाटलं, आता शिव्या. ती म्हणाली, "खा, खा. पावन्याला काय नाय त्याचा."
पावना. मी. उरलेली तशीच दगडावर सोडली. तिने कानाखाली एक ठेवून दिली असती तर बरं वाटलं असतं.

१२ सप्टें., शुक्र.
रुसलेय, पण विचारतंय कोण. भाकरी आधी मला. बसायला धुतलेली गोधडी. पाणी आणायला उठले तर हंडा हातातून काढून घेतला. चारी बाजूंनी पाणी, पण ते मुंबईचं. प्यायचं आपलं उतारावरच्या झऱ्यातून. शेवटी हंडा हिसकावला. येताना दोनदा घसरले, अर्धा सांडला. आत्या हसली नाही. पाव्हण्यांना हसत नाहीत.

संध्याकाळी कागद काढलाच. पत्रकही वाचून दाखवलं. निर्मनुष्य म्हणजे काय, तिने विचारलं. सांगितलं, जिथे माणूस नाही असं.
चूल फुंकत म्हणाली, "मंग अंगठा कोणाचा घेतेस?"
मी कागदाची घडी घातली. ती पत्रकाकडे बघून, "कोणी लिवला?"
"मी."
लाज वाटली. अजून वाटतेय.

१३ सप्टें., शनि.
रेंज फक्त मोठ्या दगडावर. शेठचा फोन.
"झालं?"
"नाही. मी मागणार नाही तिच्याकडे."
"नोकरी नकोय वाटतं."
"ठेवा तुमच्याकडे."
फोन बंद केला आणि दगडावरच बसले. खोलीचं भाडं, सगळं डोळ्यासमोर. घाबरलेय, कबूल. पण माणसं पुसून टाकणारी असली पत्रकं यापुढे लिहिणार नाही. तुटो काय तुटायचं ते. फोनवर शेठ उद्या स्वतः येतो म्हणाले, नाशिकची पार्टी घेऊन.

आत्याला विचारलं, नव्याआधी काकडी खाल्ली त्याचं काय करू, देवाला कोंबडं देऊ का? म्हणाली, "कोंबडा नको. नव्याच्या आदल्या दिशी देवाची जागा सारवाया लागते. पावना नाय सारवीत, घरचा सारवतो."
"नवं कधी आहे?"
माझ्याकडे बघून म्हणाली, "सोमवारी. राहाशील तं."

१४ सप्टें., रवि.
सकाळीच तराफा आपल्या बाजूला ओढला, जांभळीला बांधला. दोन गाठी.
दहाच्या सुमारास पलीकडे गाडी. शेठ, सोबत गॉगलवाले दोघे. हॉर्नवर हॉर्न. "तराफा पाठव गं."
ओरडून सांगितलं, "उद्या नवं आहे. होईपर्यंत बाहेरच्याला माळावर पाय ठेवता येत नाही."
असा कुठलाही नियम नाही. आत्याला तर पक्कं माहीत. ती मागेच उभी, शेणाची पाटी घेऊन. आता खोटं पाडते की काय, वाटलं. तिने पाटी खाली ठेवली, हात लुगड्याला पुसले, आणि जांभळीला तिसरी गाठ मारली.

शेठ म्हणतात मोटरबोट आणतो. आणतीलही, माणूस तसा चिवट आहे. गाडी अजून तिथेच उभी आहे.
आत्या हाक मारतेय, शेण सुकतंय म्हणून. सारवायला जाते.